जुना डायब्लो: दार धरून खेळायचा गेम

डायब्लो हा गावातल्या चर्चखालच्या सोळा मजली तळघरात एकेक मजला (लेव्हल) उतरत मॉन्स्टर मारण्याचा कॉम्प्युटर गेम. तो १९९६-९७ च्या उंबरठ्यावर बाजारात आला. दिसायला तो नुसता क्लिक करत सुटायचा गेम आहे. तसाच खेळणारा बहुतेक वेळा दुसऱ्या लेव्हलवर मरतो आणि मग गेम फार अवघड आहे म्हणतो. गेम अवघड नाही. तुम्ही कुठे उभे राहता याला इथे क्लिकच्या वेगापेक्षा जास्त किंमत आहे, एवढंच.

आधी गेम सुरू करण्याचं बघू. मूळ सीडी असेल तर खोक्यातून काढून उजेडात धरा. आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत सीडीला बुरशी धरते, कडेला जाळीसारखे पांढुरके डाग दिसतात. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका, कारण त्या दिशेचा ओरखडा ड्राइव्हला वाचता येत नाही. सीडीवरची ‘डायबडॅट.एमपीक्यू’ ही फाइल तेवढी हार्ड डिस्कवर घ्या. ती ५०० एमबीच्या आसपास असते. कॉपी मध्येच अडकून फाइल त्याहून बरीच लहान राहिली, तर गेम सुरू होईलही, पण पुढे कुठेतरी बंद पडेल. सीडी गेलीच असेल तर २०१९ पासून हा गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो.

आजच्या कॉम्प्युटरवर मूळ प्रोग्रॅमचे रंग बिघडतात, स्क्रीन ६४० बाय ४८० वर अडकते. त्याऐवजी ‘डेव्हिल्यूशन-एक्स’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि ती मोठी फाइल त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालतो. सेटिंगमध्ये गावात धावण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मूळ गेममध्ये नदीपलीकडच्या एड्रिया या चेटकिणीकडे रमतगमत चालत जावं लागतं, त्यात काही मजा नाही.

नायक तीन: वॉरियर (योद्धा), रोग (धनुष्यवाली) आणि सॉर्सरर (जादूगार). पहिल्यांदा वॉरियर घ्या. त्याला स्वतःच्या (तळघराच्या नव्हे) प्रत्येक लेव्हलला आणि व्हायटॅलिटीच्या, म्हणजे दमाच्या, प्रत्येक पॉइंटला २ लाइफ मिळतं, सॉर्सररला १. सॉर्सरर पुढे भयंकर होतो, पण सुरवातीला दोन फटक्यांत आडवा पडतो. प्रत्येक लेव्हलला ५ पॉइंट मिळतात. सगळे स्ट्रेंग्थमध्ये (ताकदीत) ओतण्याचा मोह आवरा. वॉरियरची डेक्स्टेरिटी (चपळाई) ६० च्या वर जात नाही, आणि तिच्या दर २ पॉइंटमागे फटका लागण्याची शक्यता १ टक्क्याने वाढते. कितीही जोराचा वार असो, हुकला तर फुकट. म्हणून सुरवातीच्या पॉइंटांतले अर्धे तरी तिकडे जाऊ द्या.

आता दार. चर्चखालच्या पहिल्या चार लेव्हलवर खोल्याच खोल्या आहेत आणि दारंही भरपूर. जमीन चौकोनांत विभागलेली आहे. तुम्ही खोलीच्या मध्ये उभे असाल तर भोवतीच्या आठही चौकोनांतून मार बसतो. दाराच्या चौकटीत उभे राहिलात तरी समोरचे तीन चौकोन उघडे राहतात. एक पाऊल मागे या. आता तुमच्या समोर भिंत, दार, भिंत. फोंडा-पणजी बसच्या दारात कंडक्टर एकेकाला आत घेतो, तसा एकच मॉन्स्टर चौकटीत येतो, बाकीचे मागे खोळंबतात. खोलीत धनुष्यवाले सांगाडे असतील तर सरळ मागे न येता तिरपे या, भिंतीला लागून. तुम्ही दिसेनासे झालात की त्यांना बाण सोडायला रेघ मिळत नाही आणि ते स्वतःच चालत दारापर्यंत येतात. माऊसने मारताना शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे क्लिक चुकला तरी नायक जागा सोडून खोलीत घुसणार नाही. नव्या खेळाडूंचे निम्मे मृत्यू या एका बटणाच्या विसराने होतात, असं आमचं मत आहे.

जागा सोडायची नाही याला आणखी एक कारण आहे. ढाल चालताना काम करत नाही. उभं असताना किंवा वार करतानाच ती फटका अडवते. शिवाय एका फटक्यात तुमच्या लेव्हलइतकं किंवा जास्त लाइफ गेलं की नायक क्षणभर थबकतो. तिघांनी घेरलं तर हा थबकलेला क्षण संपतच नाही, पोशन (औषधाची बाटली) पिता पिता जीव जातो. आणि चौकटीत प्रेत किंवा वस्तू पडली की दार बंद होत नाही, हे पळताना लक्षात ठेवा. जिना मात्र कधी दगा देत नाही: मॉन्स्टर जिन्यावरून तुमच्या मागे येत नाहीत.

शस्त्राचंही गणित आहे. सांगाडे आणि झोंबी यांच्यावर तलवारीचा घाव निम्मा लागतो, गदा किंवा सोटा मारला तर दीडपट. प्राण्यांवर बरोबर उलटं. पहिल्या चार लेव्हलवर मेलेलेच जास्त, तेव्हा गावातल्या लोहाराकडून, ग्रिसवोल्डकडून, सुरवातीलाच एक गदा घ्या आणि तलवार सोबत बाळगा.

दुसऱ्या लेव्हलवर रक्ताने माखलेली, दार बंद असलेली चौकोनी खोली दिसली तर आत बुचर हा सत्तूरवाला राक्षस आहे. (दर खेपेला गेममधली सगळी कामं (क्वेस्ट) येत नाहीत, त्यामुळे तो नसेलही.) तो चालण्यात तुमच्या मागे पडत नाही, म्हणून दार उघडल्यावर पळायची योजना करू नका. रोग किंवा सॉर्सरर असाल तर आधी जवळची लोखंडी जाळी शोधून ठेवा. दार उघडून लगेच जाळीच्या पलीकडे जायचं. तो अलीकडे सरळ येऊन अडकतो, आणि जाळीतून बाण व मंत्र आरपार जातात. वॉरियरने त्याला शेवटपर्यंत सोडावं. आधी दुसरी आणि तिसरी लेव्हल साफ करा, चांगली ढाल मिळवा, पट्ट्यातल्या आठही जागा पोशनने भरा, मग जा. त्याचा सत्तूर जबरदस्त आहे, पण ड्युरॅबिलिटी (टिकाऊपणा) फक्त १०. या गेममध्ये ड्युरॅबिलिटी शून्य झाली की हत्यार मोडत नाही, नाहीसंच होतं. पडद्यावर लाल खूण दिसली की ते हातातून काढा. वॉरियरला स्वतः दुरुस्ती करता येते, पण प्रत्येक वेळी कमाल ड्युरॅबिलिटी घटते. चांगली वस्तू ग्रिसवोल्डकडेच न्या.

गावातले हिशेब थोडक्यात. वैद्य पेपिन जखमा फुकट बऱ्या करतो, त्यामुळे गावात पोशन पिणं म्हणजे पैसे पाण्यात. साधं हीलिंग पोशन ५० सोन्याला. म्हातारा केन निळी, म्हणजे जादूची, वस्तू १०० मध्ये ओळखून देतो, तेच काम करणारा स्क्रोल (एकदाच वापरायचा मंत्र) पण १०० लाच, म्हणजे तो घेण्यात फायदा नाही. न ओळखलेल्या वस्तूची जादू लागू होत नाही. लाकडी पायाचा वर्ट ५० घेतो ते नुसते वस्तू दाखवण्याचे. सुरवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. एका चौकोनात ५,००० सोनं मावतं आणि इन्व्हेंटरीत (सामानाच्या पिशवीत) चौकोन ४०, तेव्हा जास्तीचं सोनं गावात कारंज्याजवळ जमिनीवर टाका. एकट्याने खेळताना ते कोणी उचलत नाही. २०० चा टाउन पोर्टल (गावात परतायचा स्क्रोल) मात्र नेहमी जवळ हवा.

देवळ्या, म्हणजे श्राइन, दिसल्या की हात लावण्याआधी नाव वाचा. ‘फॅसिनेटिंग’, ‘ऑर्नेट’ आणि ‘सेक्रेड’ या तिघी एक मंत्र वाढवून देतात, पण मूळ माना (मंत्रांसाठीची शक्ती) कायमचा १० टक्क्यांनी कापतात. ‘क्रीपी’ स्ट्रेंग्थ २ ने वाढवते, ‘अबँडन्ड’ डेक्स्टेरिटी. आणि पिवळट झोंबींत ‘ब्लॅक डेथ’ नावाचा दिसला तर जवळ येऊ देऊ नका: त्याचा प्रत्येक फटका कमाल लाइफमधला १ पॉइंट कायमचा नेतो. त्यावर पेपिनकडेही उपाय नाही.

पाचवी ते आठवी लेव्हल हीच युक्ती चालते. तिथले ‘हिडन’ नावाचे मॉन्स्टर फटका बसला की अदृश्य होऊन पळतात. त्यांच्या मागे गेलात की नव्या खोलीत जाऊन पडता. उभे राहा, ते परत येतात. नवव्यापासून गुहा सुरू होतात आणि दारं जवळपास संपतात. तिथे अरुंद वाट किंवा खडकाचा कोपरा हेच दार. आम्ल थुंकणारे प्राणी मेल्यावर जमिनीवर आम्लाचं थारोळं सोडतात, एक पाऊल मागे सरका. तेराव्यानंतरच्या सक्युबस नावाच्या राक्षसिणी लांबून मारतात आणि जवळ गेलं की मागे हटतात. त्यांना नजर देऊन लगेच कोपऱ्याआड व्हायचं.

सेव्हबद्दल. एका नायकाला एकच सेव्ह असतो. घेरलेल्या अवस्थेत सेव्ह केलं तर लोड केल्यावरही घेरलेलेच असता, आणि कधी कधी तो नायक कायमचा फसतो. दुसरीकडे मिरगाच्या पहिल्या वाऱ्यातच लाइट जाते आणि तासाभराची कमाई बुडते. त्यामुळे खोली साफ झाली, दार बंद केलं की सेव्ह, आणि जिना उतरण्याआधी सेव्ह.

पंधराव्यावर मिळणारी लॅझरस या शत्रूची काठी केनकडे न्या, मगच लॅझरसपर्यंत जायची वाट उघडते. सोळाव्यावर कळ दाबली की पुढचा भाग उघडतो. आधीचा पूर्ण साफ केल्याशिवाय पुढची कळ दाबू नका. पट्ट्यात फुल हीलिंग भरा. शेवटचा शत्रू डायब्लो पडताक्षणी शेवटचा व्हिडिओ सुरू होतो आणि जमिनीवरचं काही उचलता येत नाही, तेव्हा हवं ते त्याआधीच उचलून सेव्ह करा. पुढे त्याच नायकाने ‘न्यू गेम’ केलं तर लेव्हल आणि सामान तसंच राहतं, तळघर मात्र नवीन मिळतं.