फुलांचे रंग खुलवायचेत? आधी लाल चॅनेल बघा

फुलांच्या फोटोत एकेक रंग वेगळा एडिट करायला नुकतीच सुरुवात केलीय अशांसाठी लिहितेय. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) म्हणजे काय, लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एचएसएलचे आठ रंग कुठे असतात, हे माहितीये असं धरून चालते. एचएसएल म्हणजे ह्यू (रंगाची छटा), सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) आणि ल्युमिनन्स (रंगाचा उजळपणा).

पहिलं स्पष्टच सांगते, जळालेल्या, म्हणजे इतका जास्त उजेड पडलेल्या की तपशीलच उरला नाही अशा लाल रंगावर कुठलाच स्लायडर चालत नाही. जास्वंद घ्या. कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड) अगदी व्यवस्थित, आणि घरी येऊन फोटो मोठा केला की पाकळी म्हणजे नुसता लाल डाग, शिरा नाहीत, चुण्या नाहीत, काही नाही. लेन्स बिचारी ठीकच असते. कॅमेऱ्यावर जो एकत्र ब्राइटनेसचा हिस्टोग्राम दिसतो त्यात हिरव्याचं वजन निम्म्याहून जास्त असतं आणि लालचं त्यामानाने फारच कमी, त्यामुळे लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला फक्त लालचा भाग, पार 255 ला (सर्वात वरच्या मर्यादेला) जाऊन चिकटला तरी तो आलेख निवांत दिसतो. म्हणून आरजीबी हिस्टोग्राम लावा, तीन रंगांचे तीन आलेख वेगळे दिसले पाहिजेत. लालचा आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सेटिंग) उणे 2/3 करा, कडक ऊन असेल तर उणे 1. आणि पिक्चर स्टाइल व्हिव्हिड ठेवू नका, न्यूट्रल ठेवा, कारण रॉ काढला तरी कॅमेरा हिस्टोग्राम जेपेगवरूनच दाखवतो. तेरडा, झेंडू, गुलाब, सगळ्यांना हेच लागू. एवढं लांबण लावलं कारण मला हे कोणीच सांगितलं नव्हतं, जो तो 'सॅच्युरेशन वाढव' एवढंच म्हणायचा.

एवढं जमलं ना, की पुढचं खरंच सोपं आहे, घाबरू नका.

आधी व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा अशी सेटिंग) नीट करा, मगच रंगांना हात लावा. मग फुलाला सोडा आणि पानांकडे या. पानं हिरवी दिसतात पण त्यात पिवळा भरपूर असतो, म्हणून ग्रीनचा स्लायडर ओढून विशेष फरक पडत नाही, यलोचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स थोडं उतरवा, मागचा पसारा शांत होतो आणि फूल आपोआप पुढे येतं. फक्त जास्वंदीच्या मधल्या दांड्यावरचे पिवळे परागही त्याच यलोत येतात, तेही मलूल पडतात, तेव्हा मास्क लावून (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरताच ठेवून) फूल वगळा.

मग फूल. रेडचं सॅच्युरेशन वाढवायच्या ऐवजी ल्युमिनन्स 10-15 ने कमी करून बघा, शिरा उठून येतात. फोटोशॉपच्या सिलेक्टिव्ह कलरमध्ये रेड्स निवडून ब्लॅक जरासा वाढवला तरी तसंच होतं. तेरड्याची पाकळी पर्पल आणि मॅजेंटा दोन्हीत मोडते, एकच स्लायडर ओढला की पाकळीवर चट्टे पडतात, तिथे एचएसएलमधलं टार्गेट टूल (फोटोवरच ओढून रंग बदलायचं साधन) घेऊन पाकळीवरूनच ओढा, दोन्ही रंग सोबत हलतात.

विकतचे प्रीसेट (एका क्लिकवर लागणाऱ्या तयार सेटिंग्ज) घेऊ नका. दुसऱ्याच्या उजेडात, दुसऱ्याच फुलावर बनलेला प्रीसेट तुमच्या फुलाला काय बसणार? आणि शिकवणारा असा शोधा जो तुमचीच फाइल उघडून तुमच्यासमोर एडिट करेल. स्वतःचे तयार फोटो दाखवणाऱ्याकडून फार काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ह्यूच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात तर सीतेची आसवं ही रानफुलं निळी-जांभळी असतात, ती गुलाबी करू नका. लोक फोटोवरून फुलं ओळखायला शिकतात, रंग बदलला की त्यांची ओळख चुकते. पाचेक पॉइंट इकडेतिकडे चालतं, तेही कॅमेऱ्याने जांभळा फारच निळा दाखवला असेल तर. ताजं फूल समोर असतानाच मोबाइलवर टिपून ठेवा, 'निळ्याकडे झुकतं' किंवा 'गुलाबीकडे झुकतं', रात्री स्क्रीनसमोर बसल्यावर नेमका तोच रंग आठवत नाही.

एक्स्पोर्ट एसआरजीबीमध्येच (बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत) करा, नाहीतर काही मोबाइलवर किंवा ॲपवर सगळं फिकं दिसू शकतं.