हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेसाठी जागा कशी निवडावी आणि वैमानिकाशी काय बोलावे

बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीच्या घाटात अपघात होवो किंवा अथणीकडच्या वस्तीवर कोणाला हृदयविकाराचा झटका येवो, पहिला फोन 108 किंवा 112 यावरच करावा. हेलिकॉप्टर मागवायचे की नाही, हे डॉक्टर आणि सेवा चालवणारे ठरवतात. गावाच्या वाट्याला येते ते जागा तयार ठेवण्याचे आणि नेमके बोलण्याचे काम. ते आयत्या वेळी जमत नाही, म्हणून ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच उरकून घ्यावे.

जागा सपाट, घट्ट आणि किमान 30 मीटर लांब-रुंद असावी. यात्रेचे मैदान किंवा शाळेचे पटांगण बहुधा चालते. मात्र मैदानाच्या लांबी-रुंदीपेक्षा भोवतालच्या तारा अधिक काळजीपूर्वक पाहाव्यात. उसाच्या पट्ट्यात विहिरींच्या पंपांना गेलेल्या बारीक तारा वरून जवळजवळ दिसतच नाहीत, आणि रोज त्यांच्याखालून जाणाऱ्या आपल्यालाही त्या आठवत नाहीत. म्हणून हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनमनला सोबत घेऊन मैदानाभोवती एक फेरी मारावी आणि प्रत्येक तार कोणत्या दिशेला आहे ते कागदावर उतरवावे. सुटे पाचट, ताडपत्र्या आणि पत्रे हलवावेत, धूळ असल्यास टँकरने पाणी मारावे.

नुसते ‘खानापूर’ सांगून भागत नाही, कारण सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे. तालुका आणि जिल्हा सांगून पुढे अक्षांश-रेखांश द्यावेत, आणि ते कोणत्या पद्धतीचे आहेत हेही स्पष्ट करावे. मोबाइलच्या नकाशावर बेळगावचा अक्षांश 15.85 दिसतो, त्याचा अर्थ 15 अंश 51 मिनिटे. वैमानिक बहुधा अंश-मिनिटांत बोलतात. हेच ‘पंधरा एक्कावन्न’ कोणी 15.51 असे लिहून घेतले, तर बेळगाव शहराची जागा सुमारे 38 किलोमीटर दक्षिणेला, लोंढ्याच्या बाजूच्या रानात सरकते. सरावाच्या वेळी मी स्वतः हीच चूक केली होती. तेव्हापासून मी प्रत्येक आकडा सुटा वाचतो आणि ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घेतो.

वैमानिक बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या नियंत्रण कक्षाशी 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. जत्रेत बंदोबस्तासाठी वापरतात ते 446 मेगाहर्ट्झचे वॉकी-टॉकी त्या पट्ट्यात पोहोचतच नाहीत, आणि विमानांच्या पट्ट्यावर विनापरवाना बोलणे हा गुन्हा आहे. त्यामुळे गावाचा संपर्क मोबाइलवरून, रुग्णालयाच्या किंवा सेवेच्या समन्वयकामार्फतच ठेवावा. विमानांचा हा रेडिओ सरळ रेषेत चालतो, म्हणून हेलिकॉप्टर डोंगराआड खाली उतरू लागले की विमानतळाशी बोलणे तुटू शकते. जे सांगायचे ते त्याआधीच पोहोचले पाहिजे.

फोन एकाच माणसाच्या हाती असावा. सरपंच, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि रुग्णाचा मुलगा एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच समजत नाही. आधी तारा, मग वारा, मग जागेची खूण, असा क्रम ठेवावा: “मैदानाच्या पूर्वेला विजेची तार आहे. वारा पश्चिमेकडून येतो. मैदानाच्या उत्तरेला देवळाचे पांढरे शिखर आहे.” शक्य असल्यास हीच वाक्ये हिंदीतही पाठ असावीत.

हेलिकॉप्टर डोक्यावर आले की आवाजात फोन निरुपयोगी ठरतो. तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. दोन्ही हात तिरके वर उचलणे म्हणजे होकार, आणि एक हात तिरका वर व दुसरा तिरका खाली ठेवणे म्हणजे नकार. उतरायचे की नाही, हे शेवटी वैमानिकच ठरवतो. पंखे फिरत असताना शेपटीच्या बाजूला कोणीही जाऊ नये. वैमानिकाने खूण केल्यावरच पुढून, वाकून आणि टोपी किंवा पदर घट्ट धरून जावे.

रुग्णाला घेऊन हेलिकॉप्टर उडाले की गर्दी मैदानात धावते. ती आणखी किमान पंधरा मिनिटे रोखून धरावी, कारण घाटावर ढग उतरले तर ते त्याच जागी परत येऊ शकते.