फाल्गुनात रेवदंडा पायी कसं फिरायचं

अलिबागला जाणारे बहुतेक लोक रेवदंडा बघतात ते मुरुडला जाताना गाडीच्या काचेतून, आणि गंमत म्हणजे तो रस्ताच किल्ल्यातून जातो तरी कुणाला कळत नाही. तर गाडी लावा आणि चाला. अलिबागहून एसटी पण मिळते, १७-१८ किमी आहे फक्त.

आधी कालनिर्णय उघडा, कारण किल्ल्याच्या तटबंदीची समुद्राकडची बाजू वाळूतून चालत बघायची तर ओहोटीच पाहिजे. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे, तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आली भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता भरती म्हणजे सहा तासांनी, सकाळी ९ च्या आसपास ओहोटी. पंधरवडा कुठलाही चालेल, तृतीया ते पंचमी बेस्ट, थोडं पुढेमागे होतं ते धरून चला. संकष्टीचा उपास असेल तर खाण्याचं आपलं आपण बघा!

सातला सुरू करा, अकरानंतर ऊन लागतं. आधी किल्ल्याच्या आत, म्हणजे आगरकोटात. इथे आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यातच पोर्तुगीज चर्चच्या भिंती उभ्या आहेत. वाड्या लोकांच्या खाजगी आहेत, हाक मारून विचारल्याशिवाय घुसू नका, विचारलं तर बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. सातखणी मनोरा लांबूनच बघा, सातही मजले आता राहिले नाहीत आणि उरलेला भाग चढण्यासारखा नाही, रीलसाठी तर अजिबात नको. मग ओहोटी लागली की बीचवर उतरून तटाच्या कडेने खाडीच्या दिशेला जा. समोर पलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. इथल्याच चौल बंदरात १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो इथेच मेला. रेवदंड्याचा किल्ला मराठ्यांकडे आला तो १७४० ला.

परत येताना बाजारातून या, ज्यूंचं बेथ एल सिनेगॉग आहे ते बाहेरून तरी बघा. एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे, हा रशियन व्यापारी वास्को द गामाच्या आधी चौलला उतरला होता, तोही विकायला घोडा घेऊन. शाळा चालू असेल तर ऑफिसात विचारून जा.

चौलचं रामेश्वर मंदिर रिक्षाने करा, तेवढं चालायला उन्हात मजा नाही.

आणि पांढरा कांदा घ्याच, हेच दिवस आहेत, अलिबागच्या रस्त्याला माळा टांगलेल्या दिसतात. मान सुकलेली आहे ना ते दाबून बघा, ओली असेल तर आठवड्यात सडतो. घरी गेल्यावर पिशवीत ठेवू नका, माळ तशीच वाऱ्यावर टांगा.