ओमाकासेला निघालात? बांगड्या घरी काढून ठेवा

आम्ही तोक्योच्या निशी-कासाईत राहतो. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी विषय निघतोच: "ते शेफच्या समोर बसून सुशी खातात ना, तिकडे नेशील?" नेते. पण आदल्या रात्री शिकवणी घेते, कारण पहिल्या वेळी मी स्वतः काय दिवे लावले होते ते अजून आठवतं.

ओमाकासे म्हणजे "तुमच्यावर सोपवलं". मेन्यूकार्ड नाही, त्या दिवशी बाजारात जे चांगलं मिळालं ते शेफ त्याच्या क्रमाने देणार. मात्र ही शरणागती खुर्चीत बसल्यावरची. तोवरचं सगळं आपल्याला निस्तरायचं असतं.

आठ-दहाच खुर्च्या असतात, त्यामुळे बुकिंग आधी करा. हॉटेलात उतरला असाल तर तिथल्या माणसांकडून करून घ्या. जिन्झा या तोक्योतल्या महागड्या भागातल्या नावाजलेल्या ठिकाणी रात्रीचे माणशी ३०,००० येन सहज जातात. दुपारी पुष्कळ ठिकाणी कमी पडतात. पहिल्यांदा दुपारीच जा. तोयोसूचा मासळीबाजार (२०१८ पर्यंत हा त्सुकिजीत होता) रविवारी बंद, आणि बरेच बुधवारही, म्हणून कित्येक सुशी-काउंटरही त्या दिवशी बंद. आणि आपलं कॅलेंडर बघायला विसरू नका! माझ्या नणंदेचं बुकिंग नेमकं संकष्टीला आलं. आयत्या वेळी रद्द केलं तर पूर्ण पैसे जातात, कारण तुमच्या नावाचा मासा आणून ठेवलेला असतो. उपास मोडला की पैसे बुडाले, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं. शुद्ध शाकाहारी मंडळींनी इथे येऊच नये. "अंडं चालतं, मासा काढून द्या" असली विनंती त्या शेफला करायला मला सांगू नका.

जाताना अत्तर, सेंट, वासाचं केसांचं तेल काही नको. अख्ख्या खोलीत भाताचा, व्हिनेगरचा आणि लाकडाचा एवढाच मंद वास असतो. त्यात तुमचं अत्तर शेजाऱ्याच्या तोंडच्या घासात जातं. काउंटर बहुधा हिनोकीच्या लाकडाचा, गुळगुळीत, पॉलिश नसलेला. त्यावर बांगड्या, कडं, घड्याळ घासलं की चरा पडतो. फोनही पालथा ठोकू नका. वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधी पोचा, अर्धा तास आधी नको. आत उभं राहायला जागा नसते. उशीर तर अजिबात नको, कारण बऱ्याच ठिकाणी सगळ्यांची पंगत एकदमच सुरू होते.

आता मुख्य गोष्ट. शेफ उजव्या हाताने लाकडी भांड्यातून भात घेतो, डाव्या हातात माशाचा काप, बोटाच्या टोकाने वसाबीचा ठिपका, दोन-तीन वेळा हलकं दाबणं, झालं. समोर ठेवल्यावर नीट बघा: सुशी जराशी खाली बसते, जणू सुस्कारा सोडते. आत हवा राखलेली असते म्हणून. भात अंगाइतका कोमट, मासा त्याहून गार. हा मेळ काही क्षणच टिकतो. तेवढ्यात ती तोंडात गेली पाहिजे, एका घासात, अर्धी चावून नाही.

मी काय केलं? विचारून फोटो काढला, इथवर ठीक. मग तो नवऱ्याला पाठवला, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबले. मान वर केली तर शेफ माझ्याकडे नाही, त्या सुशीकडे बघत होता. वेंगुर्ल्याला आजी घावन तव्यावरून थेट पानात टाकायची, आणि कोणी गप्पा मारत बसलं की पुढचं घालायचंच थांबवायची. तीच नजर. मी फोन पर्समध्ये टाकला.

हाताने खाल्लं तर चालतं, आपल्याला तर बरंच. चॉपस्टिक घेतल्यात तर एकमेकींवर घासू नका, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास तर मुळीच देऊ नका. इथे अंत्यसंस्कारात अस्थी तशा उचलतात. सॉस बहुधा शेफनेच ब्रशने लावलेला असतो, त्यामुळे वाटी समोर नसेल तर मागू नका. आलं मधेमधे जीभ स्वच्छ करायला, लोणच्यासारखं वर ठेवायला नाही.

सामन (सॅमन मासा) आला नाही म्हणून पाहुणे हिरमुसतात. सुशीतला कच्चा सामन जपानातही १९८०च्या दशकात नॉर्वेने खटपट केल्यावर रुळला; जुन्या एदो (तोक्योचं जुनं नाव) पद्धतीच्या काउंटरवर तो पुष्कळदा नसतोच. भात तपकिरी दिसला तर तो शिळा नाही, साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यापासून केलेल्या लाल व्हिनेगरचा रंग आहे. तुम्ही वाट बघा ती कोहादाची. तारलीच्या गोतातला हा लहान चंदेरी मासा, महाग ट्यूनापुढे गरीब. पण याला आधी मीठ, मग व्हिनेगर. किती वेळ ते माशाच्या आकारावर आणि त्या दिवसाच्या हवेवर. जरा चुकलं की चामट किंवा नुसता आंबट. बर्फ नव्हता त्या काळची ही टिकवण्याची युक्ती. शेफ कसा आहे ते मला ट्यूनाच्या पोटातल्या चरबीवरून कळत नाही, कोहादावरून कळतं. तारली-बांगड्यावर वाढलेल्या माणसाला हा घास परका वाटत नाही.

पोट भरत आलं तर "शारी सुकुनामे दे" म्हणा, पुढचा भात लहान होतो. वाममाशासारखा आनागो आणि केकसारखं गोडसर अंडं आलं की शेवट जवळ आला समजा. मग शेफ विचारतो, आणखी काही? त्याचे पैसे वेगळे. मी एक कोहादा परत मागते.

बिलासाठी "ओकाइके ओनेगाइशिमास". कोणी शहाणा "ओआइसो" म्हणायला शिकवेल. तो दुकानातल्या लोकांचा आपसातला शब्द, गिऱ्हाइकाने वापरायचा नाही. टिप नाही. निघताना "गोचिसोसामा देश्ता", म्हणजे जेवणाबद्दल आभार. शेफ दारापर्यंत आला तर तुम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत तो तिथे उभा असेल. तिथून एकदा मागे वळून मान झुकवा. नणंद माझी चार वेळा वळली, तेवढ्या वेळा तोही बिचारा वाकला.