मिस केरळचा थवा घरी पाळायचा तर : पाच फुटी टाकीची तयारी

चालियार, अचनकोविल अशा पश्चिम घाटातल्या नद्यांच्या खडकाळ, वाहत्या पाण्यात राहणारा डेनिसन बार्ब हा मासा दुकानात ‘मिस केरळ’ म्हणून मिळतो. चंदेरी अंग, तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा आणि त्याच्या वर निम्म्या अंगापर्यंत गेलेली लाल रेघ, अशी याची ओळख. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली या माशाची शास्त्रीय नोंद केली. २०१३ मध्ये ज्या संशोधकांनी त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातले, त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते.

दुकानात दोन इंची दिसणारे पिल्लू घरी साडेचार-पाच इंचांचे होते, आणि ते दिवसभर थव्याने पोहत असते. त्याला तीन गोष्टी लागतात: लांबी, प्रवाह आणि थंड पाणी. यातली एक जरी कमी पडली तरी महागडे खाद्य आणि औषधे वाया जातात.

टाकी कुठे आणि केवढी

दहा माशांसाठी ५ × २ × २ फुटांची टाकी घ्यावी. चार फुटी टाकी फक्त पिल्ले वाढवण्यापुरती ठीक. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हा मासा आडवा पोहतो. काच १२ मिमीची, वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या चिकटवलेली असावी.

आता वजन पाहू. पाणी साडेपाचशे लिटर, म्हणजे साडेपाचशे किलो. काच साधारण शंभर किलो, शिवाय दगड-वाळू आणि लोखंडी स्टँड. सगळे मिळून साडेसातशे किलोंच्या पुढे जाते, तेही एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी वापरभार (माणसे-सामान यांचा भार) साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरलेला असतो. म्हणून टाकी तुळईवर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीला लागून, तुळईच्या आडव्या दिशेने ठेवावी. बाल्कनीत कधीच नको. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नये. स्टँडवर प्लाय, त्यावर थर्माकोल किंवा फोमची शीट, मग टाकी. ती लेव्हल बॉटलने तपासावी. एका कोपऱ्यावर ताण आला की काच लगेच तडकत नाही, काही महिन्यांनी तडकते.

प्रवाह

पाणी टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहायला हवे. फिल्टरची ओढ एका आखूड बाजूला आणि पाणी सोडणारा पाइप दुसऱ्या बाजूला, पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवावा. ताशी १,५०० ते २,००० लिटर क्षमतेचे दोन कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर) किंवा तेवढ्याच ताकदीचा संप (टाकीखालची फिल्टरची वेगळी टाकी), आणि सोडणाऱ्या बाजूला ताशी ४,००० लिटरचा एक वेव्हमेकर (पाणी ढकलणारा पंखा) पुरतो. डब्यावर छापलेला आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. मीडिया (गाळणीचे स्पंज, खडे वगैरे) भरला आणि त्यात गाळ बसला की प्रवाह बराच घटतो, म्हणून दोन फिल्टर. एक बंद पडला तरी दुसरा टाकी सांभाळतो.

ओढीच्या तोंडाला स्पंज लावावा आणि तो दर आठवड्याला टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. क्लोरीनच्या नळाखाली धुतला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

तळाला बारीक वाळू, तिच्यावर नदीतले गुळगुळीत गोटे. दोन-तीन मोठे दगड प्रवाहाला आडवे लावले की त्यांच्या मागे संथ जागा तयार होते. मासे दिवसा प्रवाहाकडे तोंड करून ओळीने पोहतात आणि थकले की या आडोशाला येतात. पुढचा-मधला भाग मोकळाच ठेवावा. मऊ पानांच्या वनस्पती ते कुरतडतात. दगडाला बांधलेला अनुबियास किंवा जावा फर्न टिकतो.

उन्हाळ्याचा बंदोबस्त आधी

या माशाला २० ते २५ अंश पाणी मानवते. मे महिन्यात बंद खोलीतली टाकी ३१-३२ अंशांवर सहज जाते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. पहाटे मासे पाणी सोडणाऱ्या पाइपपाशी, तोंडे वर करून, कल्ले भराभर हलवत जमलेले दिसले तर बहुधा ऑक्सिजन कमी पडतोय. औषध टाकू नका, प्रवाह आणि हवा वाढवा.

पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या हवेत पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारे दोन छोटे पंखे पाणी दोन ते चार अंशांनी उतरवतात. नागपूरच्या मेमध्ये तेवढ्याने भागत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवाच दमट, त्यामुळे बाष्पीभवन मंद होते. तिथे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा एसीची खोली लागते. हा खर्च पेलणार नसेल तर या माशाऐवजी दुसरा निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मिस केरळ उडी मारते, त्यामुळे झाकण हवेच. काचेचे झाकण उष्णता कोंडते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत खिडकीची मच्छरजाळी बसवली की वाराही लागतो आणि मासा बाहेर पडत नाही. पाइपभोवतीच्या फटीही बुजवाव्यात, माशाला निसटायला दोन सेंटिमीटर जागा पुरते. उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करावी. बाष्प होऊन फक्त पाणी जाते, क्षार मागे राहतात आणि साध्या पाण्याची भर घालत राहिले की साठत जातात.

पाणी मुरवणे

टाकी भरली की लगेच मासे आणू नयेत. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. प्रयोगशाळेच्या प्रतीचे अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर, घ्यावे. कल्हईचा नवसागर नको, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. दगड-वाळू वजा जाता टाकीत साधारण ४८० लिटर पाणी मावते. त्यात ३ ग्रॅम टाकले की अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. थेंबांच्या टेस्ट किटने तपासत राहावे. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागला आणि त्यापासून बनणारे, तितकेच घातक नायट्राइटही शून्य झाले, की निम्मे पाणी बदलून मासे आणावेत.

महापालिकेचे पाणी असेल तर २०० लिटरला २ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून घालावा. पावसाळ्यात क्लोरीनचा डोस वाढतो, तेव्हा पाणी आधी क्लोरीन किटने तपासावे. मुंबईचे तलावाचे पाणी मऊ असते, त्यामुळे पीएच हळूहळू घसरतो. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची मूठभर पिशवी ठेवली की तो स्थिर राहतो. देशावरच्या जड बोअरच्या पाण्यात निम्मे आरओ मिसळावे. पीएच ६.८ ते ७.८ मध्ये कुठेही चालतो, तो एकदम बदलता कामा नये.

मासे आणणे

सहापेक्षा कमी कधीच नको. आठ-दहा आणले तर खरा थवा दिसतो. तिघे-चौघेच असले की एक दांडगा बाकीच्यांना हाकतो आणि ते कोपऱ्यात दडतात. हा मासा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेला आहे, त्यामुळे नदीतून पकडलेले टाळून फार्मवर पैदास केलेलेच मागावेत. निवडताना नाकाचे टोक पाहा: काचेला धडकून ते पांढरे पडलेले असेल तर तो मासा घाबरलेला आहे. पोट आत गेलेला मासाही नको.

पिशवीतल्या माशांना नळीच्या थेंबांनी तासभर नवे पाणी देत सरावावे. मग वेगळ्या टाकीत तीन आठवडे ठेवावे. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार याच काळात दिसतो. लिटरला २ ग्रॅम मीठ दोन-तीन दिवसांत वाढवत नेऊन, भरपूर हवा देऊन उपचार करावा. उष्णता वाढवून ठिपके घालवण्याची पद्धत या माशाला जाचक ठरते.

सोबतीला मलबार डॅनिओ चालतो. एंजल किंवा बेट्टा नको, कारण ते संथ मासे असून त्यांच्या लांब परांना चावे बसतात आणि खाणेही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

रोजचे काम

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य: बुडणाऱ्या बारीक गोळ्या, आठवड्यातून दोनदा बारीक चिरलेली कोळंबी, एकदा उकडलेली पालकाची पाने. सुका जवळा दिलात तर आधी भिजवून मीठ काढा. आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला. नायट्रेट (जिवाणूंनी अमोनिया पचवल्यावर शेवटी उरणारा क्षार) २० पीपीएमच्या खाली ठेवा. दिवा एकदम लावल्यावर थवा उधळतो, म्हणून आधी खोलीचा दिवा, दहा मिनिटांनी टाकीचा.

लाइट जाण्याची तयारी ठेवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीला जोडलेलाच असावा. दोन-तीन तासांहून जास्त वेळ बंद राहिलेल्या कॅनिस्टरमधले पाणी कुजते, त्यामुळे वीज आल्यावर तो थेट चालू न करता आतले पाणी बादलीत ओतून, मीडिया टाकीच्याच पाण्यात हलवून मग जोडा.