बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीची तयारी : शंभर गुणांचा नीट विचार

बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घ्यायचा असेल, तर राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा नीटच्या मानाने सोपी आहे असे सर्रास म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु सोपी म्हणून तिच्याकडे शेवटच्या पंधरवड्यात वळणारे विद्यार्थी बहुधा ज्या भागांत हमखास गुण मिळू शकले असते, तेथेच ते गमावून बसतात.

प्रश्नपत्रिकेची रचना समजून घेतली की असे का होते ते लक्षात येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्या अभिक्षमता (नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड) अशा पाच भागांना प्रत्येकी २० गुण असतात. संगणकावर ९० मिनिटांत १०० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे रात्ररात्र जागून ज्या विज्ञान विषयांचा अभ्यास केला जातो त्यांना ६० गुण, आणि ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही त्या इंग्रजी व अभिक्षमतेला ४० गुण. त्यामुळे अभ्यासाचे वेळापत्रक आखताना या दोन भागांना रोजचा वेळ द्यावा. तो ‘उरला तर’ या तत्त्वावर सोडू नये.

अर्ज भरण्याआधी पात्रता तपासून घ्यावी. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावेत. खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी किमान ४० टक्के गुणांची अट परिषदेने घातली आहे. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) या तीन वर्षांच्या पदविकेला विज्ञान शाखेचीच अट नाही, त्यामुळे कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो मार्ग पाहावा.

अभ्यासाची सुरुवात जीवशास्त्रापासून करावी असे माझे मत आहे, कारण पुढील चार वर्षे ज्या ज्ञानावर उभी राहणार आहेत ते याच विषयात आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातील श्वसन व रक्ताभिसरण, नियंत्रण व समन्वय आणि मानवी आरोग्य व रोग ही प्रकरणे ओळ न् ओळ वाचावीत. हृदयातून रक्त कोणत्या क्रमाने फिरते, मूत्रपिंडातील गाळण कशी होते, कोणत्या संप्रेरकाची ग्रंथी कोणती, हिवताप व क्षयरोग कोणत्या जंतूंमुळे होतात, हे आकृती स्वतः काढून आणि स्वतःच्या शब्दांत सांगून पक्के करावे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी प्रत्येक संज्ञेचे इंग्रजी रूप शेजारी लिहून ठेवावे. मूत्रपिंड म्हणजे किडनी हे सर्वांना ठाऊक असते, पण प्लीहा म्हणजे स्प्लीन आणि स्वादुपिंड म्हणजे पँक्रिआज हे ऐन वेळी आठवत नाही.

भौतिक आणि रसायनशास्त्रात संपूर्ण पुस्तकावर सारखा वेळ घालवण्याऐवजी आधी सूत्रांवर आधारित सोपी प्रकरणे हातात घ्यावीत. येथे एक युक्ती उपयोगी पडते : सूत्र रुग्णाच्या खाटेपर्यंत नेऊन पाहावे. उदाहरणार्थ, नॉर्मल सलाइन हे ०.९ टक्के मिठाचे द्रावण असते, म्हणजे ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम, आणि मिठाचे रेणुवस्तुमान ५८.५ धरल्यास त्याची मोलॅरिटी सुमारे ०.१५४ येते. द्रावणे हे प्रकरण या एका बाटलीवर अर्धेअधिक समजते. तीच बाटली रुग्णापेक्षा उंच का टांगतात, हा द्रवदाबाचा प्रश्न आहे : पाण्याच्या एक मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७४ मिलिमीटर इतका असतो आणि शिरेतील दाब त्याहून बराच कमी असल्याने द्रव आत वाहतो. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात का टिकतो, हे आयनिक समतोलाच्या प्रकरणातील बफर द्रावणे वाचताना लक्षात घ्यावे. अशी सांगड घातलेले सूत्र सहसा विसरले जात नाही.

आकडेमोड कॅल्क्युलेटरविना करावी लागते, म्हणून हात बसवावा. ३९ अंश सेल्सिअस म्हणजे १०२.२ अंश फॅरनहाइट हे रूपांतर, किंवा ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यायचा आणि एका मिलिलिटरचे २० थेंब होतात तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब हे गणित, दोन ओळींत सुटायला हवे.

अभिक्षमता हा शब्द ऐकून विद्यार्थी बिचकतात, आणि मग पाठांतराच्या पुस्तकांकडे वळतात. वास्तविक येथे तर्क, साधे अंकगणित आणि माणसाशी वागण्याची समज यांचा कस लागतो. असा एक प्रसंग कल्पावा : एका रुग्णाचा शेजारी भेटीला येतो आणि परिचारिकेला रुग्णाच्या तपासणीचा अहवाल विचारतो. माहिती सांगून टाकणे, त्याला रागावून बाहेर काढणे, खोटे सांगणे आणि ‘ही माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय देता येत नाही’ असे नम्रपणे सांगणे, या चार पर्यायांपैकी शेवटचा योग्य आहे, कारण गोपनीयता राखली जाते आणि माणूसही दुखावला जात नाही. प्रत्येक पर्यायाला ‘रुग्णाचे हित, सुरक्षितता आणि सन्मान यांपैकी काय धोक्यात येते’ असा प्रश्न विचारावा; चुकीचे पर्याय बहुतेक वेळा आपोआप गळतात.

इंग्रजीसाठी रोज अर्धा तास पुरेसा आहे, पण तो रोजच हवा. एक उतारा वाचून त्यावरचे प्रश्न, शब्दयोगी अव्ययांचा वापर, कर्मणी प्रयोग आणि अप्रत्यक्ष कथन यांवर भर द्यावा.

परीक्षेआधीच्या महिन्यात घड्याळ लावून संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. सरासरी ५४ सेकंदांत एक प्रश्न हा वेग कागदावर सोपा वाटतो. भौतिकशास्त्राच्या एका हट्टी गणितावर तीन मिनिटे गेली की त्याचा अर्थ कळतो. म्हणून सरावात जीवशास्त्र, इंग्रजी व अभिक्षमता प्रथम उरकण्याची सवय लावावी आणि गणिते नंतर घ्यावीत. गुण कापले जात नसल्याने शेवटची दोन मिनिटे राखून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

निकाल पर्सेंटाइलमध्ये असतो, टक्क्यांमध्ये नव्हे. ५० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ५० गुण नसून साधारण निम्मे परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत इतकाच त्याचा अर्थ. परिषदेच्या नियमांत खुल्या गटासाठी ५०, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० पर्सेंटाइल ही पात्रतेची रेषा आहे. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या सुरू होतात आणि तेथे कागदपत्रांची घाई उडते. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता आणि प्रवेशवर्षासाठी वैध असलेले नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र यांसाठी तहसील कार्यालय, सेतू केंद्र व जात पडताळणी समिती येथील खेटे अभ्यासाच्या काळातच, शक्यतो पालकांनी, उरकून घ्यावेत.