कंबरेत उसण भरली? या चुका टाळा

बादली उचलायला वाकलात, कंबरेत कळ आली आणि तसेच अडकलात. उसण भरली की दुखणं भयंकर असतं, पण बहुतेक वेळा आत मोडलं-तुटलेलं काही नसतं. स्नायूंना ताण बसतो, ते आखडतात आणि कंबर जखडून टाकतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे अंथरूण धरणं. पहिला दिवस जमेल तसं पडून राहा, पण दोन दिवसांच्या वर नको. पडून राहिल्याने स्नायू आणखी ताठरतात. जागेपणी दर तासाला पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. उठताना झटक्यात सरळ बसू नका, तिथेच पुन्हा चमक भरते. आधी गुडघे वाकवा, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने गादी रेटत बसते व्हा. झोपताना पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये.

शेक १५-२० मिनिटंच द्या, पिशवीला टॉवेल गुंडाळून. मधुमेहामुळे त्वचा बधिर असेल तर चटका कळत नाही, फोड आल्यावरच समजतं.

जोरात रगडून घेणं, पाठीवर कुणाला तरी उभं करणं, पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं हे टाळाच. म्हातारपणी हाडं ठिसूळ असली तर मणकाच दबायचा.

वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नका. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. दोन ब्रँडच्या गोळ्यांत औषध एकच निघतं आणि नकळत दुप्पट डोस जातो. पाकिटामागचं नाव वाचा.

लगेच एमआरआयची घाई नको. काहीच दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली दिसते आणि मग नुसत्या रिपोर्टनेच माणूस हबकतो. सहा आठवड्यांत उतार नसेल तर तपासणीचं बघता येतं.

कळ बरगडीखालून जांघेकडे उतरत असेल, लाटांसारखी येत असेल आणि कुठल्याच कुशीवर चैन पडत नसेल, तर ती उसण नव्हे, मुतखडा असू शकतो.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा. सोबत ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.